अकरा सेकंद

शनिवार, पावणेसहा. बाहेर मिट्ट काळोख.
मी टीव्हीपुढे मांडी ठोकून,
आजाऱ्याच्या तोंडात थर्मामीटर धरावा
तसा स्पीकरच्या जाळीशी मायक्रोफोन धरलेला.
"कुणी बोलायचं नाही," मी बजावलं होतं.
बोलले सगळेच.

आधी बाबा. पांढरा ग्रह पडद्यावर येतो न येतो तोच:
"अगं, हा तर आपला तीन नंबरचा ढीग!
तो पाइप दिसतोय ना, तो मी जोडलाय."
परग्रहाच्या वाऱ्यात, दोन सूर्यांखाली,
बाबांचा पाइप.
सेंट ऑस्टेलच्या वरची आमची चिनी माती,
जी रोज त्यांच्या बुटांवरून घरात यायची,
त्या संध्याकाळी खरंच चंद्रापलीकडची वाटली.
मला. वेना मावशीला नाही.
"यंत्रमानव कसला! दुधाचा कॅन तो, चंदेरी रंग फासलेला.
बघ, कडीसुद्धा काढली नाही मेल्यांनी."

आई म्हणाली, "त्या पोरीला कोट तरी द्यायचा.
वर काय गारठा असतो, ह्यांना विचारा."

शेजारचे डिगरी पॅस्को, बसकंडक्टर,
तिकीट टोचावं तसं मत टोचायचे:
"कप्तान चुकला. यान हलकं करायचं
तर आधी त्या भाषणबाज शास्त्रज्ञाला उतरवा.
कॅन बिचारा काय खातो?"
"नियम तो नियम," बाबा म्हणाले, आणि खोकले.
"कुणीतरी मागं राहावंच लागतं."
"तुमचं आपलं काहीतरीच," आई म्हणाली.
एक चमचा बशीवर जरा जोरातच आपटला.

जोरी, वय वर्षं सात, टेबलाखाली.
त्याचं मत म्हणजे नुसता श्वास,
चोंदलेल्या नाकातला.

पुढे कळलं, मूळ फीत कंपनीनं पुसली
आणि तिच्यावर फुटबॉलचा सामना घेतला.
माझी राहिली बिस्किटांच्या डब्यात,
लोकरीच्या गुंड्यांखाली, एकेचाळीस वर्षं.

मग लंडनहून एक मुलगा आला, थिओ मार्चबँक.
हेडफोन लावून ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.
"हा भाग आता जगात फक्त तुमच्याकडे आहे!
फक्त ही मधली गडबड... ती काढता येईल म्हणा.
बोलणं आहे, भांडी आहेत,
आणि खोकला सव्वीस ठिकाणी."

सव्वीस.
मी कधी मोजला नव्हता.
आई मोजत असणार, भिंतीकडे तोंड करून, रात्री.
बाबा गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते,
आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला
तर तोही पांढरा ग्रहच.

मी म्हटलं, "काढा खुशाल.
पण काढाल ते फेकू नका. मला पाठवा."
त्यानं पाठवलं. चांगला मुलगा.

आता माझ्याकडे एक असा भाग आहे
ज्यात कप्तान नाही, यान नाही, कसलंही संगीत नाही.
नुसती मतं.
कॅनची कडी, पोरीचा कोट, माझा पाइप माझा पाइप.
कशावर चाललंय हे बोलणं,
नवख्याला ताकास तूर लागणार नाही.

फक्त शेवटी एक जागा आहे
जिथे थिओला काही काढावंच लागलं नाही.
अकरा सेकंद कुणीच काही बोलत नाही.
मावशीसुद्धा नाही. खोकलासुद्धा नाही.
यान सुटलं, कॅन मागं उभा,
आणि मला पक्कं आठवतं, त्यानं हात वर केला.

जोरीला फोन लावला, कॅलगुर्लीला. तिथे पहाट.
तो म्हणाला, "छे. हात कुठला?
त्याला हात नव्हतेच. पडदा पांढरा झाला, बस."
"तू टेबलाखाली होतास."
"म्हणूनच तर," तो म्हणाला,
"मी तुम्हा सगळ्यांच्या पायांकडे बघत होतो.
बाबांचा पाय हलला होता.
उठायला निघाल्यासारखा."

मग दोघंही गप्प.
नाक अजून चोंदलेलंच आहे त्याचं.